सरकारी आरोग्यविम्यावर युरोलॉजिस्ट शोधताना

‘डॉक्टर सरकारी विमा घेतात का?’ बहुतेक जण फोनवर एवढंच विचारतात. पलीकडून ‘हो, घेतात’ असं उत्तर येतं, फोन ठेवला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या एका ‘हो’साठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: हेच डॉक्टर, याच ठिकाणी, तुमच्याच योजनेत आणि तुम्हाला लागणाऱ्याच उपचारासाठी. एकच डॉक्टर सकाळी पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या रुग्णालयात बसतो आणि संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात. सकाळी तुमचं कार्ड चालतं, संध्याकाळी त्याच माणसासमोर चालत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या चार गोष्टी जुळवण्यासाठीच आहेत.

त्याआधी: शोधत बसायला वेळ आहे का?

काही त्रासांत यादी, फोन, चिठ्ठी (म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवताना आधीच्या डॉक्टरने दिलेलं पत्र) यातलं काहीही करायचं नसतं, थेट इमर्जन्सी गाठायची असते. लघवी पूर्ण अडली आहे आणि ओटीपोट फुगून दुखतंय. मुतखड्याच्या कळांसोबत थंडी वाजून ताप आलाय. लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडताहेत. लिंगाचा ताठरपणा चार तासांनंतरही उतरत नाही. किंवा वृषणात अचानक जोरात दुखू लागलंय.

या शेवटच्या गोष्टीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती किशोरवयीन मुलांमध्ये जास्त होते आणि मुलं लाजेपोटी ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात. वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. मुलाला पोटात दुखून उलट्या होत असतील तर खाली दुखतंय का हे सरळ विचारा. खड्यासोबतचा तापही तितकाच गंभीर आहे. अडलेल्या किडनीत जंतू वाढले तर संसर्ग रक्तात उतरायला वेळ लागत नाही.

तातडीच्या उपचारांसाठी बहुतेक सरकारी योजनांत वेगळी तरतूद असते. दाखल होताना कार्ड दाखवा, प्रवेशाच्या कागदांवर ‘इमर्जन्सी’ अशी नोंद झाली आहे ना ते बघा आणि योजनेला किती वेळात कळवायचं असतं ते तिथल्या विमा-कक्षात विचारा. हे काम घरातल्या एका माणसाकडे सोपवावं. पेशंटजवळ थांबणारा आणि कागद सांभाळणारा माणूस वेगळा असला की दोन्ही कामं नीट होतात.

पायरी १: युरोलॉजिस्टच हवा आहे ना?

किडनीचं दुखणं म्हटलं की युरोलॉजिस्ट, असं सरसकट नसतं. युरोलॉजिस्ट हा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. मुतखडे, प्रोस्टेट, मूत्राशय, मूत्रनलिका आणि पुरुषांची प्रजननेंद्रियं हे त्याचं क्षेत्र. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलंय, लघवीतून प्रथिनं जाताहेत, मधुमेहाने किडनी खराब होतेय, डायलिसिसची भाषा सुरू झालीय, तर तुम्हाला नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीवर औषधोपचार करणारा तज्ज्ञ हवा. चुकीच्या तज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन गेलात तर योजनेच्या हिशेबात एक भेट वाया जाते आणि नव्या चिठ्ठीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बायकांनी ‘हा पुरुषांचा डॉक्टर’ असं समजू नये. वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, खोकताना-शिंकताना लघवी सुटणं, मुतखडा यांसाठी युरोलॉजिस्ट बायकांनाही तपासतात. अंग बाहेर येत असेल तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं सोयीचं. लहान मुलांसाठी मुलांचे युरोलॉजिस्ट किंवा मुलांचे सर्जन असतात. यादीत ते वेगळ्या नावाखाली सापडतात.

पहिल्यांदाच झालेला साधा लघवीचा संसर्ग फॅमिली डॉक्टरच बरा करतात. त्यासाठी तज्ज्ञाच्या रांगेत उभं राहू नका.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: वंध्यत्वाचे उपचार आणि लैंगिक दुर्बलतेवरची औषधं अनेक सरकारी योजनांत बसत नाहीत. तपासणी बसते, उपचार बसत नाही, असंही होतं. त्रास याच प्रकारचा असेल तर डॉक्टर शोधण्याआधी योजनेच्या हेल्पलाइनला फोन करा.

पायरी २: कार्ड उलटंपालटं करून वाचा

‘माझ्याकडे सरकारी कार्ड आहे’ एवढ्याने काम होत नाही. योजनेचं नेमकं नाव, लाभार्थी क्रमांक, मुदत, कुटुंबातल्या कोणाकोणाची नावं आहेत आणि मागच्या बाजूचा हेल्पलाइन क्रमांक, हे सगळं एका कागदावर उतरवून घ्या. फोनवर तेच पुन्हा पुन्हा विचारलं जातं. नावाचं स्पेलिंग कार्डावर एक आणि ओळखपत्रावर दुसरं असेल तर ते आताच दुरुस्त करून घ्या. दाखल होण्याच्या दिवशी ही दुरुस्ती फार त्रास देते.

मग आपली योजना कोणत्या जातीची आहे ते ओळखा. साधारणपणे तीन प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात योजना रुग्णालयाशी जोडलेली असते, डॉक्टरशी नाही. भारतातली 2018 साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना अशी आहे. ती दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, नुसत्या ओपीडीतल्या सल्ल्यासाठी नाही. इथे डॉक्टरचं नाव घेऊन शोधण्यात अर्थ नसतो. आधी रुग्णालय शोधायचं आणि मग तिथे युरोलॉजी आहे का ते बघायचं.

दुसऱ्या प्रकारात योजनेशी जोडलेला असतो तो डॉक्टर किंवा त्याचा दवाखाना. अमेरिकेतल्या मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठी) या दोन्ही 1965 सालच्या योजना अशा चालतात. मेडिकेड राज्यागणिक बदलतं आणि पुष्कळ ठिकाणी ते खासगी कंपन्यांच्या प्लॅनमार्फत राबवलं जातं. म्हणून तिथे ‘मेडिकेड घेता का?’ हा प्रश्न अपुरा आहे, प्लॅनचं नाव सांगूनच विचारावं लागतं. मेडिकेअरमध्येही सरकार थेट चालवतं ती मूळ मेडिकेअर आणि खासगी कंपन्यांमार्फत मिळणारे ॲडव्हान्टेज प्लॅन यांत मोठा फरक आहे. मूळ मेडिकेअरमध्ये तज्ज्ञाकडे जायला सहसा चिठ्ठी लागत नाही, ॲडव्हान्टेज प्लॅनला मात्र स्वतःचं नेटवर्क, म्हणजे ठरलेले डॉक्टर आणि रुग्णालयं असतात आणि बऱ्याच प्लॅनमध्ये चिठ्ठीही लागते. मूळ मेडिकेअरवाल्यांनी डॉक्टर ‘असाइनमेंट’ मान्य करतात का, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेली रक्कम पूर्ण फी म्हणून स्वीकारतात का, हेही विचारावं.

तिसऱ्या प्रकारात वाट ठरलेली असते. आधी नेमून दिलेला डॉक्टर किंवा दवाखाना, तिथून चिठ्ठी, मग तज्ज्ञ. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस आणि भारतातली कामगारांसाठीची विमा योजना ईएसआयसी या वाटेने जातात. इथे तुम्ही कितीही नामांकित युरोलॉजिस्ट शोधून ठेवलात तरी वाट सोडून गेलात तर खर्च तुमचा. अशा योजनेत सगळी मेहनत चिठ्ठीवर घ्यायची, म्हणजे तुम्ही थेट पायरी ५ वाचली तरी चालेल.

पायरी ३: यादी काढा, पण तिच्यावर विसंबू नका

योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर रुग्णालयांची किंवा डॉक्टरांची यादी असते. शोधताना ‘युरोलॉजी’ हा विभाग निवडा. नुसती ‘जनरल सर्जरी’ बघून समाधान मानू नका. रुग्णालय पॅनेलवर आहे याचा अर्थ त्याचा प्रत्येक विभाग पॅनेलवर आहे असा होत नाही. मोतीबिंदूसाठी जोडलेल्या रुग्णालयात प्रोस्टेटचं ऑपरेशन योजनेतून होईलच असं नाही.

याद्या शिळ्या असतात. डॉक्टर गाव बदलतात, करार संपतात, फोन क्रमांक जातात. म्हणून एकच नाव धरून बसू नका, चार-पाच नावं काढा. इंटरनेटवरच्या खासगी ‘डॉक्टर शोधा’ संकेतस्थळांवर विम्याची जी माहिती असते ती मी तरी नुसती सुरुवातीपुरती वापरतो.

त्या चार-पाचांत एक वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असू द्या. गर्दी असते, बाकावर बसून कंटाळा येतो, दर वेळी तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते. तरीही अवघड केस असेल तर माझं मत तिकडेच झुकतं. सीटी, भूल, आयसीयू, पॅथॉलॉजी सगळं एकाच छताखाली आणि बहुधा एकाच योजनेत असतं. गुंतागुंत झाली तर ‘आता दुसरीकडे न्या’ असं सांगितलं जाण्याची शक्यता कमी असते.

पदवी बघायला विसरू नका. भारतात सर्जरीतल्या एमएसनंतर युरोलॉजीत एमसीएच किंवा त्या दर्जाची राष्ट्रीय बोर्डाची पदवी घेतलेला डॉक्टर म्हणजे युरोलॉजिस्ट. ‘मुतखडा व मूळव्याध तज्ज्ञ’ अशी पाटी म्हणजे पदवी नव्हे. इतर देशांत वैद्यकीय परिषदेच्या किंवा बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी तपासता येते.

पायरी ४: फोन, आणि कोणाशी बोलायचं

सगळ्या शोधातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच, आणि लोक नेमका तोच दोन मिनिटांत उरकतात.

फोन उचलणाऱ्या माणसाला अपॉइंटमेंट देता येते, विम्याचं सगळंच त्याला माहीत असेल असं नाही. म्हणून पहिलं वाक्य असं असू द्या: ‘मला विमा किंवा बिलिंग बघणाऱ्यांशी बोलायचंय.’ मोठ्या रुग्णालयांत योजनेचा वेगळा कक्ष असतो. आयुष्मानच्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ किंवा ‘आयुष्मान मित्र’ नावाचा माणूस त्यासाठीच नेमलेला असतो. तो भेटला की निम्मं काम झालं.

त्यांना कार्डावरचं योजनेचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि मग विचारा. या योजनेतले नवे पेशंट सध्या घेताय का? जुने चालू आहेत पण नवे बंद, असं बऱ्याचदा असतं, आणि यादीत ते कुठेही लिहिलेलं नसतं. हे डॉक्टर योजनेखाली कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वारी बघतात? चिठ्ठी लागते का, आणि ती आधी पाठवायची की सोबत आणायची? पहिल्या भेटीची फी योजनेत आहे की माझ्या खिशातून? मला काही रक्कम आधी भरावी लागेल का?

यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण बिल फुगतं ते नेमकं तिथेच: सोनोग्राफी, सीटी, लॅब आणि भूलतज्ज्ञ हेही याच योजनेत आहेत का? युरोलॉजिस्ट योजनेत, पण काढलेला तुकडा तपासणारी लॅब योजनेबाहेर, हे प्रकार होतात. कुठल्या लॅबमध्ये गेलं तर कार्ड चालेल, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा. शक्य असेल तर तोच मजकूर मेसेज किंवा ईमेलने पाठवून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारा. मग दुसरा फोन योजनेच्या हेल्पलाइनला लावा आणि तेच डॉक्टर, तेच ठिकाण सांगून खात्री करा. दोन्हीकडचं उत्तर जुळलं तरच अपॉइंटमेंट पक्की समजा.

तारीख फार लांबची मिळाली तर ती घ्या आणि सोबत ‘कोणी रद्द केलं तर मला बोलवा’ असं नाव नोंदवा. दर आठवड्याला एकदा सकाळी फोन करून आठवण द्या. सौजन्याने केलेली चिकाटी इथे खरंच उपयोगी पडते.

पायरी ५: चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचा

तज्ज्ञाकडे कोणाला आधी बोलवायचं हे पुष्कळ ठिकाणी चिठ्ठी वाचूनच ठरतं. ‘लघवीचा त्रास’ अशा चिठ्ठीचा पेशंट रांगेच्या शेवटी जातो. ‘लघवीतून न दुखता रक्त, दोन वेळा, धूम्रपानाचा इतिहास’ अशी चिठ्ठी वर काढली जाते, आणि काढलीच पाहिजे. डोळ्यांना दिसणारं, न दुखता जाणारं रक्त मूत्राशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं आणि या कर्करोगाचं मोठं कारण धूम्रपान आहे. ‘एकदाच आलं, मग थांबलं’ म्हणून हे सोडून देऊ नये. थांबलं तरी तपासणी करायचीच असते.

चिठ्ठीत त्रास किती दिवसांचा, झालेल्या तपासण्या, चालू औषधं आणि संशय कशाचा हे असावं. तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्टपणे सांगायला संकोच वाटू देऊ नका. चिठ्ठीची मुदत आणि ती किती भेटींसाठी आहे हेही बघा. काही योजनांत चिठ्ठी एकाच भेटीपुरती असते, मग रिपोर्ट दाखवायला गेल्यावर पुन्हा नवी लागते.

पायरी ६: फाइल घेऊन जा

युरोलॉजीत पहिली भेट तपासण्या लिहून देण्यात संपते, दुसरी त्या वाचण्यात. साध्या तपासण्या फॅमिली डॉक्टरांकडून योजनेतच आधी करून घेतल्या तर एक खेप वाचते: लघवीची साधी तपासणी, गरज असेल तर कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते वाढवून बघणारी तपासणी), क्रिएटिनिन आणि किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी. कल्चरसाठी लघवी प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्यायची असते, नंतर दिली तर रिपोर्ट दिशाभूल करू शकतो. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हेही मोजून घ्या. प्रोस्टेटच्या पेशंटसाठी तो आकडा फार कामाचा असतो.

पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी लघवीचा संसर्ग चालू असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना केली तर आकडा उगाच वाढलेला येतो आणि घर घाबरतं. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधं काही महिने चालू असतील तर तोच आकडा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून औषधांची यादी, किंवा सरळ पाकिटंच, सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

वारंवार लघवी किंवा रात्री उठावं लागणं ही तक्रार असेल तर तीन दिवस वही ठेवा: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर, काय प्यायलात. कागदावरचे तीन दिवस तोंडी सांगण्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात. पहिल्या भेटीला शक्यतो लघवी लागलेली असताना जा, कारण धारेचा वेग मोजणारी तपासणी तिथेच केली जाऊ शकते. सीटी झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्मही न्या. सर्जनला चित्र स्वतः बघायचं असतं.

पायरी ७: ऑपरेशन ठरलं तर नेमकं नाव विचारा

योजना ‘मुतखड्याचं ऑपरेशन’ मंजूर करत नाही, ती एक ठरावीक प्रक्रिया मंजूर करते. पाच मिलिमीटरपर्यंतचे मूत्रनलिकेतले खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. त्याहून मोठ्यांसाठी बाहेरून लहरींनी फोडणं, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढणं, किंवा किडनीतला खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असेल तर पाठीतून छिद्र पाडून काढणं, असे पर्याय असतात. प्रत्येकाचा योजनेतला कोड वेगळा. एकाची पूर्वपरवानगी घेऊन दुसरं केलं तर क्लेम अडकतो. परवानगीच्या कागदावर डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलंच नाव आहे ना, ते विचारून घ्या.

प्रोस्टेटमध्ये हमखास येणारा प्रसंग म्हणजे, योजनेत दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याचं नेहमीचं ऑपरेशन बसतं आणि डॉक्टर सुचवतात लेझर. लेझरला काही पेशंटमध्ये सबळ कारण असतं, म्हणजे ग्रंथी फार मोठी असणं किंवा रक्त पातळ करणारी औषधं थांबवता न येणं. मग विचारा: ‘माझ्या तब्येतीमुळे लेझरच हवं, की दोन्ही चालेल?’ तब्येतीचं कारण असेल तर ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन योजनेकडे पाठवता येतं. दोन्ही चालत असेल तर योजनेतलं ऑपरेशन करून घ्यायला काहीच हरकत नाही, ते अनेक दशकं चालत आलेलं आणि तावून सुलाखून निघालेलं आहे. वरचे पैसे मागितले तर कशासाठी ते लिहून मागा आणि त्याच दिवशी हेल्पलाइनला विचारा.

डीजे स्टेंट, म्हणजे किडनी ते मूत्राशय अशी आत ठेवलेली मऊ नळी, बसवली असेल तर ती काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. ती साधारण काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत काढायची असते. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग तो काढायलाच मोठं ऑपरेशन लागतं. काढणं त्याच पॅकेजमध्ये आहे की वेगळी परवानगी लागेल, हे बसवण्याआधीच विचारायचं.

नकार आला तर

आधी नकार कोणाचा ते ओळखा. दवाखाना ‘जागा नाही’ म्हणत असेल तर यादीतलं पुढचं नाव. जवळपास एकही युरोलॉजिस्ट योजनेत नसेल तर हेल्पलाइनला तसं सांगून पॅनेलबाहेरच्या डॉक्टरची परवानगी किंवा दूरच्या रुग्णालयाची व्यवस्था मागा. अनेक योजनांत याची सोय असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि उपचार झाल्यावर मागून तर बहुतेक नाहीच. कुठे कुठे फोन केले, काय उत्तर आलं, ही तुमची टिपणं अशा वेळी पुरावा म्हणून चालतात.

नकार योजनेचा असेल तर कारण लेखी घ्या. पुष्कळदा ते क्षुल्लक असतं: कोड चुकला, रिपोर्ट जोडला नाही, चिठ्ठीची मुदत संपली. हे दवाखान्यातला विमा-कक्ष दुरुस्त करून परत पाठवू शकतो. ‘वैद्यकीयदृष्ट्या गरज नाही’ असं कारण असेल तर मात्र अपील करावं लागतं आणि त्याला युरोलॉजिस्टचं पत्र जोडावं लागतं. पत्रात आधी कोणती औषधं किती दिवस घेतली आणि काय उपयोग झाला नाही, हे असलं पाहिजे. अपिलाची मुदत नकाराच्या कागदावरच असते. आधी ती बघा, मग बाकीचा कागद वाचा.

मूत्राशयाच्या कर्करोगासारख्या आजारात ऑपरेशननंतर सुरुवातीला दर काही महिन्यांनी दुर्बिणीने आत बघावं लागतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. या तपासण्या त्याच डॉक्टरकडे, त्याच योजनेत होतील का ते पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच विचारून ठेवा. मधेच डॉक्टर पॅनेलवरून गेले तर चालू उपचार त्यांच्याकडेच पुरा करू देण्याची विनंती योजनेला लेखी करता येते.